पेशीच्या घरातील पाठराखीण

कवींनी वर्णिलेला वसंत आणि आमच्या मराठवाड्याच्या वाट्याला येणारा वसंत यांत पुष्कळ अंतर आहे. चैत्र सरतो न सरतो तोच छत्रपती संभाजीनगरचा पारा ४० अंशांकडे धाव घेऊ लागतो, दुपारचे रस्ते ओस पडतात, आणि व्याख्यानाला श्रोते हवे असतील तर सूर्य मावळण्याची वाट पाहावी लागते. अशा दिवसांत उष्णतेविषयीच दोन शब्द बोलावेत, हे प्रसंगाला धरून होईल असे आम्हांस वाटले. हवा किती तापली हे वर्तमानपत्रे रोज सांगतातच. त्या तापण्याने सजीवाच्या शरीरातील सूक्ष्म पेशींवर कोणते संकट येते, आणि ती बिचारी पेशी त्या संकटाला तोंड कसे देते, हे सांगण्याचा आमचा आजचा विचार आहे. हा विषय उष्णतेपासून सुरू होतो, परंतु तेथेच संपत नाही. मधुमेह आणि मोतीबिंदू या आपल्या घरोघरच्या दुखण्यांपर्यंत त्याचे धागे पोहोचतात.

आरंभ स्वयंपाकघरापासून करू. गाय-म्हैस व्याली म्हणजे पहिल्या दिवसांचा चीक घरी येतो. त्यात गूळ किंवा साखर, वेलदोडा घालून तो वाफेवर ठेवला की थोड्याच वेळात पातळ चिकाचा घट्ट खरवस होतो. अंडे उकडले की त्यातील पारदर्शक बलक-भोवतीचा द्रव पांढरा व टणक होतो, तोही याच जातीचा प्रकार. खरवस निवला तरी त्याचा पुन्हा चीक होत नाही, उकडलेले अंडे गार पाण्यात कितीही वेळ ठेवले तरी पुन्हा पातळ होत नाही. हे असे का होते? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात आपला सारा विषय सामावलेला आहे.

चीक काय, अंडे काय, दोन्हींत प्रथिने विपुल असतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ. या माळेचे मणी २० प्रकारचे. मण्यांचा क्रम काय असावा हे जनुके ठरवितात. परंतु नुसती माळ तयार होऊन भागत नाही. आपल्या जिल्ह्यातील पैठणची पैठणी मागावरून उतरली तरी तिची नीट घडी घातल्यावाचून ती पेटीत ठेवता येत नाही. प्रथिनांच्या बाबतीत तर घडी हेच सर्वस्व होय. माळ ठराविक रीतीने दुमडली, वळली, गुंडाळली गेली म्हणजेच तिला विशिष्ट आकार येतो, आणि त्या आकारामुळेच ती अन्न पचविणे, प्राणवायू वाहून नेणे, स्नायू आखडणे अशी आपापली कामे करू शकते. माळ तीच, पण घडी मोडली, तर ते प्रथिन निरुपयोगी होते. पुष्कळदा ते नुसते निरुपयोगी न राहता उपद्रवीही होते.

घडी कशी बसते, याचा उलगडा करणारा एक सुंदर प्रयोग अमेरिकेतील ख्रिश्चन अ‍ॅनफिन्सेन यांनी केला. रायबोन्यूक्लिएज नावाचे १२४ मण्यांचे एक प्रथिन त्यांनी घेतले, रसायने घालून त्याची घडी पुरती मोडली, आणि मग ती रसायने हळूहळू काढून घेतली. त्या प्रथिनाने आपली घडी आपणच पुन्हा घातली आणि ते पूर्ववत काम करू लागले! घडी कशी घालावयाची ही माहिती माळेतील मण्यांच्या क्रमातच असते, हे यावरून सिद्ध झाले. या कार्याबद्दल अ‍ॅनफिन्सेन यांना १९७२ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्याकडे मद्रासला जी. एन. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनी १९६३ साली, माळेतील प्रत्येक सांधा कोणत्या कोनांत वळू शकतो आणि कोणत्या कोनांत वळू शकत नाही, याचा जो आलेख प्रसिद्ध केला, तो आजही जगभर प्रथिनांच्या प्रत्येक अभ्यासकाच्या हाताशी असतो.

मग अंडे पुन्हा पातळ का होत नाही? काचेच्या नळीतील प्रयोगात प्रथिन विरळ असते, त्याला एकांत असतो. पेशीच्या पोटात अथवा अंड्यात मात्र विलक्षण दाटी असते. पेशीत दर लिटरमागे २०० ते ३०० ग्रॅम इतकी प्रथिने व तत्सम मोठे रेणू कोंबलेले असतात. माळेतील काही मणी तेलकट स्वभावाचे असतात, त्यांना पाण्याचे वावडे. नीट घातलेल्या घडीत हे तेलकट मणी आत दडलेले असतात. उष्णतेने घडी सैल झाली की ते उघडे पडतात, आणि शेजारच्या, तशाच उघड्या पडलेल्या मण्यांना चिकटतात. वरणावर सांडलेल्या तेलाचे थेंब जसे एकमेकांना शोधून एक होतात, तसाच हा प्रकार. एकदा असा गुंता झाला म्हणजे तो आपोआप सुटत नाही. खरवस म्हणजे असा जिभेला गोड लागणारा गुंता होय. पेशीच्या पोटात मात्र असा खरवस होणे म्हणजे मरण.

आणि हे मरण फार दूर नसते. आपल्या शरीराचे नित्याचे तापमान ३७ अंश. पुष्कळशा प्रथिनांच्या घड्या काठावरच उभ्या असतात. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की त्यांतील नाजूक घड्या उलगडू लागतात. खेरीज नव्याने तयार होत असलेल्या, अद्याप घडी न बसलेल्या माळा तर संकटात सदैवच असतात. म्हणजे उष्णता नसली तरी चुकीच्या घडीचा धोका पेशीला रोजचाच आहे. उष्णता तो धोका एकदम वाढविते, इतकेच.

या धोक्यावर निसर्गाने जो उपाय योजिला आहे, त्याला समजून घेण्यास आपल्याकडील एक जुनी रीत उपयोगी पडेल. पूर्वी लहान वयाची नवी नवरी सासरी निघाली म्हणजे तिच्याबरोबर माहेरची एखादी जाणती बाई पाठराखीण म्हणून जात असे. ती सासरचा संसार करीत नसे. मुलगी परक्या घरी रुळेपर्यंत, भलत्यासलत्या गोष्टींपासून तिला जपावयाचे आणि मग आपल्या घरी परतावयाचे, एवढेच तिचे काम. पेशीतही अशी काही प्रथिने असतात. नव्या किंवा विसकटलेल्या माळेचे उघडे पडलेले तेलकट भाग ती आपल्या हाताखाली झाकून धरतात, तिला भलत्या शेजाऱ्याशी चिकटू देत नाहीत, घडी बसविण्याची संधी पुनःपुन्हा देतात, आणि घडी बसली की दूर होतात. ती स्वतः त्या घडीचा भाग होत नाहीत. इंग्लंडमधील रॉन लास्की यांनी १९७८ साली अशा एका प्रथिनाला ‘शॅपरोन’ असे नाव दिले. त्या शब्दाचा अर्थ जवळजवळ आपली पाठराखीणच. म्हणून आम्ही येथे तोच मराठी शब्द वापरणार आहोत. यांतील काही पाठराखिणी पिंपासारख्या पोकळ असतात. विसकटलेले प्रथिन त्या आत घेतात, वरून झाकण लावतात, आणि त्या एकांतात त्याला घडी बसवू देतात. दाटीत न मिळणारा एकांत पेशीने अशा रीतीने मुद्दाम निर्माण केला आहे. फ्रान्झ-उलरिच हार्टल आणि आर्थर हॉर्विच यांनी १९८९ च्या सुमारास या पिंपांचे कार्य उघडकीस आणले.

पण या साऱ्याचा पहिला सुगावा लागला तो अगदी वेगळ्या वाटेने, आणि तोही एका अपघाताने. इटलीत फेरुच्चिओ रितोसा हे फळमाशीच्या लालाग्रंथीतील गुणसूत्रांचा अभ्यास करीत होते. ज्या पेटीत त्यांचे नमुने ठेवलेले होते तिचे तापमान एका सहकाऱ्याकडून नकळत वाढविले गेले. रितोसा सूक्ष्मदर्शकातून पाहतात तो गुणसूत्रांवर नेहमीपेक्षा वेगळ्याच जागी फुगवटे आलेले! फुगवटा म्हणजे तेथील जनुक जोमाने कामाला लागल्याची खूण. माशी उष्णतेने नुसती गळून जात नव्हती. ती काही तरी करीत होती. त्यांनी हा शोध प्रथम एका नामांकित नियतकालिकाकडे पाठविला, तेव्हा त्यात जीवशास्त्रीय महत्त्वाचे काही नाही म्हणून तो परत आला. अखेर १९६२ साली तो दुसरीकडे प्रसिद्ध झाला. पुढे १९७४ साली आल्फ्रेड तिसिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, उष्णतेचा धक्का बसताच माशीच्या पेशी काही विवक्षित प्रथिने भराभर बनवू लागतात, आणि त्याच वेळी नेहमीच्या प्रथिनांचे उत्पादन खाली येते. त्या नव्या प्रथिनांना उष्माघात प्रथिने असे नाव पडले. ही प्रथिने म्हणजे बहुतांशी आपल्या पाठराखिणीच होत, हे त्यानंतर उमगले.

या ठिकाणी क्षणभर थांबून एका गोष्टीकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो. संकट आल्याबरोबर पेशी दोन कामे करते. पाठराखिणी वाढविते, आणि नेहमीचे नवे काम आवरते. घरात आधीच पसारा पडलेला असताना नवे सामान आणून टाकू नये, हे शहाणपण माशीच्या पेशीलाही आहे.

पण संकट आले हे पेशीला कळते कसे? तिच्यापाशी काही उष्णतामापक नसतो. येथील युक्ती फार साधी आणि म्हणूनच फार चतुर आहे. पाठराखिणींची जनुके जागी करणारा एक निरोप्या पेशीत सदैव हजर असतो, परंतु शांततेच्या काळात पाठराखिणींनीच त्याला धरून ठेवलेले असते. घड्या मोडू लागल्या की पाठराखिणींना त्या कामावर धावावे लागते आणि निरोप्या त्यांच्या हातून सुटतो. सुटलेला निरोप्या केंद्रकात जातो आणि नव्या पाठराखिणी घडविण्याचा हुकूम देतो. त्या पुरेशा झाल्या, काम उरकले, की रिकाम्या झालेल्या पाठराखिणी त्याला पुन्हा धरतात आणि हुकूम थांबतो. म्हणजे पेशी उष्णता मोजत नाही, विसकटलेली घडी मोजते. म्हणूनच काही विषारी धातू किंवा मद्यार्क यांच्यामुळेही हाच प्रतिसाद जागा होतो.

यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. पेशींना आधी सौम्य उष्णता लावली, मग काही तास विश्रांती दिली, आणि नंतर एरवी मारक ठरणारी उष्णता लावली, तर त्या पुष्कळ अंशी तगतात. वनस्पतींतही हे दिसते. पहिल्या धक्क्यात बनविलेल्या पाठराखिणी दुसऱ्या धक्क्याला उपयोगी पडतात. मात्र त्यात मधल्या विश्रांतीचा वाटा मोठा आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण शेवटी आपण तिच्याकडेच परत येणार आहोत.

सर्वच घड्या पुन्हा बसतात असे नाही. ज्या बसत नाहीत त्यांची विल्हेवाट लावावी लागते. अशा प्रथिनांना युबिक्विटिन नावाच्या ७६ मण्यांच्या एका छोट्या प्रथिनाच्या चिठ्ठ्या डकविल्या जातात. चिठ्ठी पाहून प्रोटिअसोम नावाचे यंत्र ते प्रथिन आत ओढते आणि त्याचे बारीक तुकडे करते. त्या तुकड्यांतील मणी पुन्हा नव्या माळेसाठी वापरले जातात. या शोधाबद्दल आरॉन सीखानोव्हर, अव्राम हर्श्को आणि आयर्विन रोझ यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मोठे गुंते गिळून पचविण्याची निराळी सोय पेशीत आहे. तिच्या अभ्यासाबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली तोच सन्मान लाभला.

आता पेशीच्या एका विशेष दालनात प्रवेश करू. जी प्रथिने पेशीबाहेर पाठवावयाची किंवा तिच्या भिंतीत बसवावयाची असतात, त्यांची घडी आंतर्द्रव्यजालिका नावाच्या दालनात घातली जाते. शरीरातील सुमारे एकतृतीयांश प्रथिने या वाटेने जातात. स्वादुपिंडातील इन्सुलिन बनविणारी पेशी घ्या. मागणी जोरात असली म्हणजे एकेक पेशी मिनिटाला दहा लाखांच्या घरात इन्सुलिनच्या मूळ माळा बनवू शकते, असा अंदाज आहे. या प्रत्येक माळेत तीन टाके ठराविक जागीच पडावे लागतात. एक टाका चुकला की घडी चुकली. इतक्या वेगाने चाललेल्या कामात चुका होणारच.

या दालनाच्या भिंतीत तीन पहारेकरी बसविलेले आहेत. त्यांतील पहिल्याचा शोध १९९३ साली जपानचे काझुतोशी मोरी आणि अमेरिकेतील पीटर वॉल्टर यांनी स्वतंत्रपणे यीस्टमध्ये लावला. त्याचे नाव आयआरई-१. दालनात न घडलेल्या माळा साचू लागल्या की तो केंद्रकाकडे संदेश जाण्याची व्यवस्था करतो, आणि दालन मोठे करणारी, पाठराखिणी वाढविणारी जनुके जागी होतात. दुसरा एटीएफ-६. तोही आपल्या परीने याच कामाला हातभार लावतो. तिसऱ्याचे नाव पर्क. त्याचे काम एकच, पण कळीचे. तो नव्या माळा बनविण्याचे काम तात्पुरते मंद करतो. आवक थांबवून आतला पसारा आवरण्यास सवड द्यावयाची, हे त्याचे धोरण. इतके करूनही पसारा आवरला नाही, ताण तसाच चालू राहिला, तर हेच पहारेकरी अखेर पेशीला आत्मनाशाचा आदेश देण्यास कारण होतात. सडलेल्या पेशीने शेजाऱ्यांना त्रास देण्यापेक्षा तिने नाहीसे व्हावे, असा हा कठोर न्याय आहे.

यांतील थांबण्याचे महत्त्व किती, याचा दाखला निसर्गानेच दिला आहे. १९७२ साली वोल्कॉट आणि रॅलिसन या डॉक्टरांनी एका अतिदुर्मीळ आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. अशा बाळांना अगदी तान्हेपणीच मधुमेह होतो, आणि पुढे हाडांची वाढही नीट होत नाही. २००० साली त्याचे कारण सापडले. या मुलांत पर्क बनविणारे जनुकच बिघडलेले असते. इन्सुलिनची माळ निर्दोष, ती घडविणारी पेशीही निर्दोष, उणीव फक्त ‘आता जरा थांब’ म्हणणाऱ्याची! तेवढ्याने इन्सुलिनच्या पेशी टिकू शकत नाहीत. आम्हांस तर वाटते की पेशीविज्ञानातील याहून बोलका दाखला क्वचितच मिळेल.

मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहाची कारणे अनेक आहेत, आणि तो केवळ या ताणामुळे होतो असे कोणी म्हणू नये. तथापि शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की इन्सुलिनची मागणी वाढते, पेशी वर्षानुवर्षे जास्त वेगाने राबत राहतात, आणि या दालनातील ताण त्यांच्या थकण्याचे एक कारण ठरतो, असे अभ्यासक मानतात. येथे आपल्या महाराष्ट्रातील एका कार्याचा उल्लेख केलाच पाहिजे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालके यांचा दीर्घ अभ्यास चालविला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे दिसावयास किरकोळ, पण त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती, स्नायू मात्र कमी होते. अशा शरीरावर पुढे सुबत्ता आणि बैठे जीवन आले की इन्सुलिनची मागणी लवकर वाढते. ‘आमच्याकडे कोणी लठ्ठ नाही, मग मधुमेह कसा?’ असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. चालणे, बेताचा आहार आणि वेळेवर औषध यांचा एक अर्थ, थकलेल्या पेशीवरील मागणी कमी करणे, असाही आहे.

ज्या पेशीला असा प्रतिसाद देताच येत नाही तिचे काय होते, हे डोळ्याच्या भिंगात दिसते. भिंग पारदर्शक राहावे म्हणून त्यातील पेशी आपले केंद्रक टाकून देतात. त्यामुळे त्यांना नवे प्रथिन बनविता येत नाही, की नवी पाठराखीणही बोलाविता येत नाही. भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने आपल्या जन्मापूर्वीची असतात आणि ती जन्मभर पुरवावी लागतात. त्यासाठी निसर्गाने भिंगात आधीच भरपूर पाठराखिणी ठेवून दिल्या आहेत. अल्फा-क्रिस्टलिन हे ते प्रथिन. ते पाठराखिणीचे काम करते हे जोसेफ हॉरविट्झ यांनी १९९२ साली दाखविले, आणि हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात डॉ. चि. मोहन राव यांनी त्यावर मोलाचे संशोधन केले आहे. नवल असे की, हे प्रथिन रितोसांच्या माशीतील काही उष्माघात प्रथिनांच्याच कुळातले निघाले! परंतु ठेव कितीही मोठी असली तरी नवी भर नसेल तर ती एक दिवस सरते. वय, सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान यांनी घड्या मोडत राहतात, पाठराखिणी एकेक करून गुंतून पडतात, आणि भिंगातील प्रथिने साकळून ते गढूळ होते. यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. हा गढूळपणा थेंब घालून जात नाही. भिंग बदलण्याची शस्त्रक्रिया हाच त्यावर खात्रीचा उपाय, आणि तो आज सहज उपलब्ध आहे.

आता पुन्हा आपल्या उन्हाकडे वळू. शेतातील पीक सावलीला जाऊ शकत नाही, म्हणून वनस्पतींत उष्माघात प्रथिनांचे प्रकार विपुल आहेत. तरीही परागकण तयार होण्याची आणि दाणा भरण्याची वेळ नाजूकच असते. उशिरा पेरलेला गहू फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सापडला की दाणा बारीक राहतो, हे आपल्या शेतकऱ्यांना कोणी शिकवावयास नको. अशा ताणांच्या अभ्यासासाठी बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ साली एक राष्ट्रीय संस्थाच स्थापन झाली आहे.

आणि माणूस? घाम, सावली व पाणी यांच्या बळावर आपण शरीर ३७ अंशांजवळ राखतो, म्हणून पेशींवर प्रसंग सहसा येत नाही. परंतु हा बांध फुटला, शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले आणि माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात होय. आतील घड्या मोडू लागलेल्या असतात, आणि येथे घटकेचेही मोल असते. अशा वेळी घरगुती उपचारांत वेळ न दवडता सावलीत नेऊन, अंगावर पाणी ओतून, वारा घालून शरीर थंड करावे आणि तसेच रुग्णालय गाठावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी मात्र घालू नये.

पेशीच्या या कथेतून एक गोष्ट आम्हांस विशेष जाणवते. संकट सोसण्याची तिची ताकद मोठी आहे, परंतु ती ताकद सवडीवर उभी आहे. धक्का बसला, काम थांबले, पसारा आवरला, पुन्हा काम सुरू झाले, असे चालले तर पेशी पुढच्या धक्क्याला अधिक समर्थ होते. उसंतच मिळाली नाही, तर तिचे रक्षक शेवटी तिचा अंत करतात. भर उन्हात रस्त्याच्या कामावर राबणारा मजूर, वीटभट्टीवरील बाई, बांधावरचा गडी यांना दुपारच्या वेळी दोन घटका सावली आणि घोटभर पाणी देणे याला आपण आजवर दया म्हणत आलो. ती पेशीची गरज आहे. ज्याच्या हाताखाली माणसे राबतात, त्याने उद्या दुपारी एवढे आठवले तरी आजची संध्याकाळ सार्थकी लागली असे आम्ही समजू.